चाळीस जागांचा प्रज्ञावर्ग

‘मी पुण्यात धायरीला राहते. आमची मुलगी सिंहगड रस्त्यावरच्या एका अनुदानित शाळेत पाचवीत, सेमी इंग्रजीच्या वर्गात शिकते. पाचवीच्या पाच तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत ६२ मुले आहेत. ग्रंथालयाच्या खोलीत सध्या सहावी ‘ई’ बसते आणि मुलांनी हात लावू नये म्हणून पुस्तकांची कपाटे भिंतीकडे तोंड करून ठेवली आहेत. याच संस्थेची पेठेतली जुनी शाळा मात्र पटाअभावी ओस पडत चालली आहे. संस्थेने जानेवारीत बुद्धिमापन चाचणी घेऊन पाचवीतली ४० मुले निवडली आणि जूनपासून त्यांचा “प्रज्ञावर्ग” पेठेतल्या शाळेत भरवायचे ठरवले. त्यामुळे इथली गर्दीही कमी होईल, असे पत्रकात म्हटले आहे. आमच्या मुलीचे नाव यादीत आहे. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण एका गुणाने राहिली. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात रोज वादावादी चालते आणि निवड झालेल्यांतही दोन तट पडले आहेत. संधी दारात आली असताना मागे राहू नये, असे माझे यजमान म्हणतात. एवढ्या लहान वयात एवढा प्रवास नको, असे सासूबाई म्हणतात. धाकटा मुलगा तिसरीत त्याच आवारात आहे आणि दोघे एकाच व्हॅनने जातात. मुलीला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तिथली लायब्ररी रोज उघडी असते का?” वर्गात ती सगळ्यांच्या आधी उदाहरणे सोडवते आणि मग बाई तिला वह्या गोळा करायला लावतात. संमतिपत्र ३१ मार्चपर्यंत द्यायचे आहे. काय करावे?’

— एक आई, धायरी

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली, कारण संस्थेच्या पत्रकातले गर्दीविषयीचे विधान आकडेमोड करून पाहण्याजोगे आहे. पाच तुकड्या आणि प्रत्येकीत ६२, म्हणजे एकूण ३१० मुले झाली. त्यांतली ४० पेठेत गेली की २७० उरतील आणि ती पाच तुकड्यांत वाटली तर प्रत्येक वर्गात ५४ मुले बसतील. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण दिलेले आहे, आणि ५४ हा आकडा त्याच्या आसपासही येत नाही. शिवाय तुकड्या पाचच राहिल्या तर खोल्याही पाचच लागतील, म्हणजे पुढच्या वर्षीही सहावीची एक तुकडी ग्रंथालयातच बसेल. ग्रंथालय मोकळे करायचे म्हणून चार तुकड्या केल्या तर एकेका वर्गात ६७-६८ मुले कोंबावी लागतील. हा सगळा हिशेब रिकाम्या झालेल्या ४० जागा रिकाम्याच राहतील असे धरून केलेला आहे. सिंहगड रस्त्याला दर वर्षी नव्या इमारती उठत आहेत आणि प्रवेशासाठी पालक ताटकळत उभे असतात, हे लक्षात घेता जूनमध्येच त्या जागा भरल्या गेल्या तर मला नवल वाटणार नाही. तेव्हा तुमची मुलगी पेठेत गेल्यामुळे मागे राहणाऱ्या मुलांना मोकळा श्वास घेता येईल, हा समज, आणि न पाठवल्यास आपण इतरांची अडचण करत आहोत, हे ओझे, दोन्ही तुम्ही आधी मनातून उतरवून ठेवा. गर्दीचा प्रश्न वर्गखोल्या आणि शिक्षक वाढवून सुटायचा आहे. तो अकरा वर्षांच्या मुलीने सोडवायचा नाही.

मग ही योजना आली कशासाठी? मी शाळेत नोकरी केलेली बाई आहे, म्हणून माझ्या मनात पहिला शब्द आला तो संच मान्यतेचा. अनुदानित शाळेला किती शिक्षकांची पदे मंजूर व्हायची, हे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. पट घसरला की पद जाते, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे समायोजन कुठे होईल याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहते. पेठांमधल्या मराठी शाळा गेली कित्येक वर्षे या विवंचनेत आहेत, कारण तिथली कुटुंबे कोथरूड, वारजे, धायरी, नऱ्हे अशी सरकत गेली आणि इमारती मात्र जागच्या जागी राहिल्या. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. शहर जिकडे वाढले तिकडे शाळांत बाके पुरेनात आणि शहराच्या पोटात बाकांवर धूळ बसली. तेव्हा ४० मुले पेठेत नेण्याने तिथला पट सावरत असेल तर त्यात काही पाप नाही. चांगली जुनी शाळा आणि तिथले अनुभवी शिक्षक टिकावेत असे मलाही वाटते. मात्र ते पत्रकात सरळ लिहायला हवे होते. पट वाढवण्यासाठी कुठलीही ४० मुले चालली असती. हुशार म्हणून निवडलेलीच का नेली जात आहेत, याचे माझ्या मते एक उत्तर असे आहे की, मानाची वस्तू हातात दिल्याखेरीज धायरीचे पालक मुलाला रोज दहा-अकरा किलोमीटरवर पाठवायला तयार होणार नाहीत. माझा हा तर्क चुकीचा असू शकेल. तो चुकीचा आहे हे संस्थेने वर्गात काय शिकवणार ते सांगून दाखवून द्यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आता चाचणीकडे येते. सरासरी १०० धरणाऱ्या बुद्धिमापन कसोट्यांवर १३० च्या वर जाणारी मुले शंभरात साधारण दोन असतात. त्या हिशेबाने ३१० मुलांत अशी सहा-सात निघावीत. इथे ४० घेतली आहेत, म्हणजे दर आठांमागे जवळजवळ एक. अशा वर्गात सहा-सात अतिशय वेगळ्या बुद्धीची मुले असतील आणि बाकीची चांगली, अभ्यासू, घरी लक्ष दिले जाणारी मुले असतील; तुमची मुलगी कोणत्या गटातली, हे यादीवरून कळत नाही. ४० ही संख्या बुद्धीच्या कोणत्याही रेषेवरून आलेली नाही. ती बहुधा एका वर्गात मावणाऱ्या बाकांवरून आलेली आहे. एका गुणाने राहिलेल्या मैत्रिणीविषयी तर एवढेच सांगते की, तेच मूल महिनाभराने पुन्हा तशाच चाचणीला बसले तर चार-पाच गुणांचा फरक सहज पडतो. त्या दिवशी ताप असेल, झोप झाली नसेल किंवा एखादा प्रश्न नीट कळला नसेल. चाळिसावी आणि एकेचाळिसावी यांच्यात अंतर आहे असे ती कसोटी बनवणारा माणूसदेखील म्हणणार नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली कसोटी रचली ती शाळेत मागे पडणाऱ्या आणि जादा मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखण्यासाठी, आणि पुढे कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतून घेतली, तीच ‘बिने-कामत’ कसोटी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. मदत कुणाला हवी हे शोधण्याचे ते साधन होते. त्याचा उपयोग मान कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी होऊ लागला, तेव्हापासून पालकांची झोप उडाली.

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती मला अजून टोचते. मी ज्या शाळेत गणित शिकवत असे तिथे गुणानुक्रमे तुकड्या पाडत. जूनच्या पहिल्या दिवशी फलकावर याद्या लागत, आणि मुले ‘अ’च्या यादीवर बोट ठेवून वरून खाली येत. नाव सापडले नाही की ते बोट काही क्षण तिथेच थांबे आणि मग शेजारच्या यादीकडे सरके. मला ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही तुकड्या दिलेल्या असत. प्रत्येक उदाहरणसंग्रहाच्या शेवटी तीन-चार अवघड उदाहरणे असायची. ‘ब’मध्ये ती मी वेळ वाचवण्यासाठी सोडून देत असे. कुणी तक्रार केली नाही, ना मुलांनी ना पालकांनी, कारण ती सोडलेली आहेत हे कुणाला माहीतच नव्हते. एका मार्चमध्ये दोन्ही तुकड्यांच्या वह्या तपासायला शेजारी शेजारी आल्या तेव्हा एका ढिगाची जाडी दुसऱ्यापेक्षा बोटभर कमी दिसली, आणि तो फरक मुलांच्या डोक्यातला नसून माझ्या हातातला आहे हे मला तेव्हा कळले. तुमच्या शाळेत मागे राहणाऱ्या २७० मुलांचे काय होईल, हा प्रश्न पालकांच्या गटात विचारणाऱ्यांना मत्सरी ठरवले जाते, असे तुमच्या पत्रावरून जाणवते. त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे आणि तुमचा धाकटाही उद्या त्यांच्यातच असण्याची शक्यता आहे.

तुमचे यजमान ज्ञान प्रबोधिनीचा दाखला देत असतील, असा माझा अंदाज आहे. पुण्यात हा विषय निघाला की ते नाव निघतेच. त्या इतिहासातली एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात नसते. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली संस्था सुरू केली तेव्हा प्रज्ञावंत मुलांसाठी वेगळी शाळा काढली नव्हती. निरनिराळ्या शाळांतली मुले आपापल्या शाळेत राहून, शाळेच्या वेळेबाहेर तिथे येत. स्वतंत्र प्रशाला निघाली १९६९ साली, म्हणजे सात वर्षांनी, आणि तोवर अशा मुलांबरोबर काम करायचे म्हणजे काय करायचे याचा अनुभव गाठीशी आलेला होता. आधी काम आणि मग इमारत असा तो क्रम होता. तुमच्या पत्रातल्या योजनेत इमारत तयार आहे, मुले निवडून झाली आहेत आणि काम काय ते अद्याप कुणी सांगितलेले नाही. यजमानांना हे सांगताना वाद घालू नका. त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग, म्हणजे मुलीला आज मिळते त्याहून जास्त मिळायला हवे, तो मलाही मान्य आहे.

तो खरा भाग तुमच्या पत्रातल्या वह्यांच्या वाक्यात आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात जी मुलगी पंधराव्या मिनिटाला मोकळी होते, तिची रोज वीस मिनिटे वाया जातात. बाईंचा यात दोष नाही. ६२ मुलांच्या वर्गात एका मोकळ्या मुलीला कामाला लावणे ही त्यांची सोय आहे आणि मुलगी शहाणी असल्यामुळे ती निमूटपणे करते. पण काही वर्षे असेच चालले तर दोन गोष्टी होतात, आणि मी दोन्ही पाहिल्या आहेत. मूल मुद्दाम सावकाश लिहू लागते, किंवा आपल्याला कधी काही अडतच नाही अशी त्याची समजूत होते आणि नववीत पहिल्यांदा एखादे प्रमेय अडले की ते कोलमडते. म्हणून तिच्यासाठी काहीतरी करायचे आहे, याविषयी दुमत नको. फक्त ते करण्यासाठी शाळा बदलावी लागते का, हे तपासायचे आहे.

सध्याच्या शाळेतच जून महिन्यापासून करता येईल अशी एक व्यवस्था सुचवते. तिचा गणिताचा तास आणि सातवीच्या एखाद्या तुकडीचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी येत असेल, तर आठवड्यातून दोनदा तिला त्या वर्गात बसू द्यावे. यासाठी नवी खोली लागत नाही, नवा शिक्षक लागत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी आणि वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांची थोडी खटपट एवढेच लागते. तेही जमले नाही तर निदान ‘काम झाले की हे’ अशी तिची स्वतंत्र वही असावी, तीत बाईंनी आठवड्याला चार प्रश्न द्यावेत आणि वह्या गोळा करण्याचे काम पाळीपाळीने सर्वांकडे जावे. निवड झालेल्या आणि एका-दोन गुणांनी राहिलेल्या अशा सगळ्या मुलांसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तासाचा गट इथल्याच आवारात चालवता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष आवड आणि क्षमता असलेल्या मुलांसाठी विषयवार मंडळांची कल्पना मांडलेली आहे, तेव्हा संस्थेला ही मागणी परकी वाटू नये. शाळेबाहेर म्हणाल तर श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान गणिताची गोडी असलेल्या शालेय मुलांसाठी उपक्रम घेते आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे काय आणि कोणत्या वयासाठी चालू आहे याची चौकशी सुट्टी लागण्यापूर्वी करून ठेवा. मात्र सगळे एकदम सुरू करू नका; अकरा वर्षांच्या मुलीला दुपारी नुसते लोळण्याचाही हक्क असतो.

आता प्रवास. धायरीहून पेठेत सकाळच्या किंवा संध्याकाळच्या गर्दीत व्हॅनने जायला, मधे मुले घेत घेत, पन्नास मिनिटे धरली तरी मी उदार हिशेब करते आहे. जाऊन येऊन शंभर मिनिटे झाली. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हावे, असे कायद्यात म्हटले आहे; त्या २२० दिवसांचा प्रवास ३६६ तासांचा होतो, म्हणजे तीन तास शिकण्यासाठी एक तासाहून अधिक वेळ व्हॅनमध्ये. वर पावसाळ्यातले दिवस आणि गणपतीत पेठांमधले रस्ते बंद असतात ते दिवस वेगळेच. सासूबाईंचे म्हणणे जुनाट म्हणून बाजूला सारू नका. त्यांनी वयाचे कारण दिले आहे आणि मी तासांचे देते, पण आम्ही दोघी एकच गोष्ट सांगत आहोत. आज ती आणि तिचा भाऊ एका व्हॅनमधून घरी येतात, तुम्ही एकदा दार उघडता आणि दोघांना एकत्र जेवायला वाढता, ही सोय मोडणार आहे, आणि तिची किंमत मुख्यतः तुम्हाला मोजावी लागणार आहे. यजमानांनी ‘संधी’ म्हणताना ही किंमत कोण मोजणार तेही बोलावे. त्यांना आठवडाभर सकाळी तिला पेठेपर्यंत पोचवून कामावर जाऊन पाहू द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी हा प्रयोग सहज होण्यासारखा आहे.

सर्वांत काळजीपूर्वक विचारायचा प्रश्न दाखल्याचा आहे, आणि नेमका तोच गटात कुणी विचारलेला दिसत नाही. प्रज्ञावर्ग ही तुमच्या सध्याच्या शाळेची दुसऱ्या इमारतीत बसणारी तुकडी असणार आहे, की मुलांचा इथून शाळा सोडल्याचा दाखला निघून पेठेतल्या शाळेत नवा प्रवेश होणार आहे? संस्था एकच असली तरी शाळा दोन आहेत, त्यांचे युडायस क्रमांक, म्हणजे शाळांचे सरकारी नोंदणी क्रमांक, दोन आहेत आणि सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणीच्या प्रणालीत मुलीची नोंद एका शाळेतून दुसरीकडे जाईल. तुकडी असेल तर दिवाळीत तिला परत यावेसे वाटले तर ती आपल्याच शाळेत परत येते. दाखला निघाला असेल तर तिची इथली जागा तोवर भरलेली असेल आणि परत येणे संस्थेच्या मर्जीवर राहील. यात आणखी एक बारीक मुद्दा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार शाळेत प्रवेश देताना मुलाची वा पालकांची चाळणी घेता येत नाही. तेव्हा चाचणी लावून नवा प्रवेश द्यायचा असेल, तर तो कोणत्या आधारे, याचे उत्तर संस्थेने तयार ठेवायला हवे. उलट बाजूने तुमच्या मनातली एक भीती मी काढून टाकते: संमती दिली नाही म्हणून तुमच्या मुलीला सध्याच्या शाळेतून कुणी काढू शकत नाही. आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत दाखल झालेल्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे त्याच कायद्यात सोळाव्या कलमात आहे.

दाखल्याच्या जोडीने शिकवण्याविषयी दोनच गोष्टी विचारा. गणित, विज्ञान आणि भाषा हे तीन विषय या वर्गाला कोण शिकवणार, आणि त्या शिक्षकांची पेठेतल्या शाळेत आज नेमणूक आहे का? सहावीचाच अभ्यासक्रम अधिक वेगाने संपवायचा आहे, की त्याच विषयांत अधिक खोल जायचे आहे? ‘स्पर्धा परीक्षांची तयारी’ असे उत्तर आले तर मी तरी मुलीला पाठवणार नाही. त्यासाठी बाजारात वर्गांची कमतरता नाही आणि ते धायरीतही आहेत. ‘ठरवत आहोत’ असे उत्तर आले तर ते प्रामाणिक आहे, पण मग योजना एक वर्षाने सुरू करावी, असे तुम्ही नम्रपणे सुचवू शकता.

एक सूचना मुलीच्या मनाविषयी. आज ती ६२ जणांत पहिल्या दोघी-तिघींत असते. निवडक ४० जणांत ती कदाचित पंचविसावी असेल, आणि बुद्धी तीच असताना स्वतःविषयीचे मत मात्र खाली जाऊ शकते. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने यावर पुष्कळ काम केले आहे आणि हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गांत हा परिणाम वारंवार दिसलेला आहे. काही मुलांना तो धक्का मानवतो, ती जिद्दीला पेटतात. काही मिटून जातात. तुमची कोणत्या स्वभावाची आहे, हे चाचणी घेणाऱ्याला माहीत नाही, तुम्हाला आहे. कॅरममध्ये हरल्यावर ती पुन्हा डाव मांडते की सोंगट्या तशाच टाकून उठते, एवढ्यावरूनही बरेच कळते.

पालकांच्या गटातल्या वादात तुम्ही पडू नका, पण गप्पही बसू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या शाळेत त्या कोण आहेत ते शोधून वरचे प्रश्न लेखी द्या, आणि अर्जावर निवड झालेल्या मुलांच्या पालकांबरोबर न झालेल्यांच्याही सह्या घ्या. गर्दीचा मुद्दा त्यात वेगळा लिहा: पेठेत रिकाम्या खोल्या आहेतच, तर तिकडे राहणाऱ्या किंवा तिकडून जवळ पडणाऱ्या मुलांना, चाचणी न लावता, वर्ग बदलण्याचा पर्याय का देऊ नये? दांडेकर पूल, दत्तवाडी भागातून तुमच्या शाळेत येणारी काही मुले असतीलच. त्यांच्यासाठी पेठ सोयीची असेल आणि पटाचा प्रश्नही थोडा हलका होईल. मैत्रिणीच्या आईशी मात्र या अर्जाव्यतिरिक्त यादीविषयी काहीही बोलू नका, सांत्वन तर मुळीच करू नका. रविवारी दोघी मुलींना एकत्र खेळायला बोलवा.

मला आजच्या माहितीवर मत द्यायला सांगाल तर मी संमती देणार नाही. त्याऐवजी ३१ मार्चपूर्वी एक पत्र देईन की, आम्ही या वर्गाला अनुकूल आहोत, मात्र दाखला, शिक्षक आणि परतीची सोय यांची लेखी उत्तरे मिळाल्यावर निर्णय कळवू. अशा पत्राची पोच घ्या. संस्थेने मुदत वाढवून उत्तरे दिली, आणि ती समाधानकारक निघाली, तर प्रवासाचा प्रयोग करून मग पाठवायला माझी हरकत नाही. उत्तरे आली नाहीत तर सातवीच्या गणिताच्या तासाचा अर्ज मुख्याध्यापकांकडे लगेच द्या.

त्याआधी एका शनिवारी सकाळी मुलीला घेऊन पेठेतली शाळा पाहून या. तिच्या प्रश्नाला तुम्ही दोघांनी अजून उत्तर दिलेले नाही. तिथल्या ग्रंथपालांना, किंवा त्या नावाचे कुणी नसेल तर ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांना, कपाट उघडायला सांगा. चार पुस्तके बाहेर काढून त्यांच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या कागदावरची शेवटची तारीख तिलाच वाचू द्या. गेल्या महिन्यातली असेल तर शाळेत जीव आहे, दहा वर्षांपूर्वीची असेल तर ते तीही ओळखेल. आणि ती तारीख काहीही निघो, समितीला द्यायच्या अर्जात सध्याच्या शाळेतल्या कपाटांबद्दलही एक ओळ लिहा, कारण ती फिरवून त्यांची तोंडे मुलांकडे करायला नवी खोली लागत नाही.